न्यूरोपेप्टाइड वाय, आता जाब दे

न्यूरोपेप्टाइड वाय यास,
मुक्काम हायपोथॅलॅमस, मेंदूचा तळ.

चिखलदऱ्याहून लिहितो आहे. तुझ्या करणीची दोन्ही टोकं इथं एकाच रस्त्यावर दिसतात. पावसाळ्यातल्या रविवारी अमरावती-अकोल्याच्या गाड्या घाट चढून येतात, भीमकुंडापाशी फोटो होतात, मग रबडी. त्या गाड्यांतून उतरणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्या असतात आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसलेली असते. त्याच रस्त्याच्या कडेनं एखादी कोरकू आदिवासी बाई मजुरीला चाललेली असते, पोटात कुटकीचा भात, अंगावर मांस म्हणावं तर नाहीच. काऊन रे बाप्पा, तुला ह्या दोघांतला फरक कळत नाही?

तू 36 अमिनो आम्लांची साखळी. 1982 साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये काझुहिको तातेमोतो यांनी डुकराच्या मेंदूतून तुला वेगळं काढलं, तोवर तू लपून होतास. उपास घडला की तू वाढतोस. अन्न शोध, शरीराचा खर्च आवर, असा हुकूम सोडतोस. त्यासाठी मी तुला दोष देणार नाही. मेंदूला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि यकृताच्या कणगीत ग्लायकोजेन साधारण 100 ग्रॅम. ते संपलं की यकृत स्नायूंच्या प्रथिनांतून नवी साखर घडवतं. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळलं, तेव्हा जे तगले ते अशाच व्यवस्थेच्या जोरावर तगले.

माझी तक्रार पुढची आहे. पोट भरल्यावर तू गप्प का बसत नाहीस?

तुझ्यावर दोन पहारेकरी आहेत, इन्सुलिन आणि चरबीतून येणारं लेप्टिन. ते मेंदूत पोचले की तू आवरतं घ्यायचं, हा करार. लठ्ठपणात मेंदू त्यांचं ऐकेनासा होतो आणि तुला रान मोकळं मिळतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2004 साली तुला रंगेहाथ पकडलं. उंदरांच्या रक्तात त्यांनी इन्सुलिन भरपूर ठेवलं. एरवी एवढ्या इन्सुलिनपुढे यकृत साखर सोडणं थांबवत आणतं, चरबीचे कणही कमी सोडतं. मेंदूत तुला सोडल्यावर यकृत इन्सुलिनला जुमानेना. साखर येत राहिली, चरबीही येत राहिली. पुढे 2008 मध्ये यकृताकडे जाणारे सिम्पथेटिक मज्जातंतू आधीच तोडून पाहिले, तर तुझा हुकूम यकृतापर्यंत पोचलाच नाही. म्हणजे तू यकृताला हातही न लावता, दुरून, तारेवरून, हे करतोस.

आणि हे आम्हाला फार आधी उमगायला हवं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. तरी आजही पेशंट दवाखान्यात शिरला की पहिला प्रश्न येतो, "गोड किती खाता?" घरचे लोक त्याच्या जिभेला शिव्या घालतात. उपाशीपोटी तपासलेली सकाळची साखर ताटातून येत नाही, ती रात्रभर यकृतातून आलेली असते. रात्री पोळीसुद्धा न खाता झोपलेल्या माणसाची साखर सकाळी चढलेली निघते आणि त्याला खोटं ठरवलं जातं. हा अपमान मी तुझ्या खात्यावर मांडतो.

दुसरा आरोप त्या कोरकू बाईच्या बाजूनं. आमच्या ह्या मेळघाटातली भूक 1993 साली बालमृत्यूंच्या बातम्यांतून महाराष्ट्रभर गेली. मृत्यू मोजले गेले, पण जी मुलं वाचली त्यांच्या शरीरात भूक काय लिहून गेली? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की आपल्याकडचं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं, तरी आपल्या बारक्या बाळाच्या अंगावर चरबीचा वाटा राखलेला असतो आणि स्नायू कमी पडतात. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी 50 पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध केला. वजनानं हलके, पण पोटात चरबी आणि इन्सुलिनला दाद न देणारे. पुढच्या दोन पिढ्यांना भरपेट दिलं तरी ते दुखणं गेलं नाही. आईच्या उपासाचं कर्ज नातवंडंही फेडतात, हे मी वाचलं तेव्हा मला झोप आली नाही. एप्रिल 2025 मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला 'टाइप 5' म्हणून मान्यता दिली. त्या दुखण्यात मुख्य उणीव इन्सुलिन तयार होण्याची, ते पाप एकट्या तुझ्या माथी मारणार नाही. पण भुकेल्या शरीरात तुला जागं ठेवणारे आम्हीच आहोत, हे मात्र खरं.

तुला मारून टाकावं असं कुणाला वाटेल. तुझ्याशिवाय जन्माला घातलेले उंदीर 1996 साली नेहमीसारखेच खात होते. भुकेची ती जागा इतरांनी सांभाळली. तू ज्या पेशींत घडतोस त्या पेशीच प्रौढ उंदरांत नष्ट केल्या, तेव्हा मात्र ते अन्न समोर असून उपाशी मेले. म्हणून तुला गोळीनं संपवण्याची घाई मला मान्य नाही. तुला बोलावण्याची वेळ येऊ नये, हाच तुझ्यावरचा इलाज.

तो इलाज आमच्या हातात आहे, म्हणून शेवटचं तुला नाही, आमच्या लोकांना सांगतो. 2015 पासून राज्याच्या आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत रोज एक चौरस आहार मंजूर आहे. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत तो पावसाळ्यातही, रस्ता वाहून गेला तरी, अंगणवाडीत पोचतो की नाही हे गावानं रोज पाहावं. आणि बारीक अंगकाठीच्या माणसाला फार तहान लागत असेल, लघवी वारंवार होत असेल, तर "हा कुठं गोड खातो" असं म्हणून बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन त्याची साखर तपासून घ्या.