सांडपाण्याची वाटणी

फाल्गुन सरता सरता आमच्या सुलतानपुरात वसंत येतो, असं पंचांगात लिहिलेलं असतं. पळस फुलतो, कोकिळ ओरडतो, सगळं खरं. पण मेहकर-लोणार रस्त्यावरच्या या गावात घरामागं चार वाफे राखणाऱ्याचे कान त्या दिवसांत नळाकडे लागलेले असतात. नळातून आधी हवा येते, मग गढूळ पाणी, मग चांगलं पाणी, आणि टाकी अर्धी झाली की पुन्हा हवा. पुढची पाळी कधी, याबद्दल गावात जितकी घरं तितके अंदाज.

बरं, जवळच लोणारचं सरोवर. उल्केनं काळ्या पाषाणात पाडलेला एवढा थोरला खड्डा, त्यात पाणीही आहे. पण ते इतकं खारं की २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा त्याचे फोटो जगभर फिरले, सांभाराच्या वाफ्याला मात्र त्यातला तांब्याभरही चालायचा नाही.

म्हणून आमची परसबाग सांडपाण्यावर जगते. न्हाणीचं पाणी केळीला, भांड्यांचं मुंगन्याला. मुंगना काही म्हणत नाही. त्याला पाणी नाही दिलं तरी तो शेंगा देतो, आणि अशा गुणी माणसाचं जे होतं तेच त्याचं होतं. भांडण असतं ते तांदूळ-डाळीच्या धुवणासाठी. ते बायकोला मोगऱ्याला हवं असतं, मला वांग्याला. चैत्रात पाहुणा आला की मी त्याला मनापासून मुक्कामाचा आग्रह करतो. अंघोळीला दोन बादल्या घेणारा पाहुणा तर केळीला देवासारखा. आईला मी एकदा सुचवून पाहिलं, की उन्हाचं सकाळ-संध्याकाळ अंगावर पाणी घ्यावं, बरं वाटतं. ती म्हणाली, ‘‘तुह्या केळीसाठी मी दोनदा न्हाऊ का रे?’’

तिची तुळस या वाटणीत येतच नाही. तिच्यावर गळती टांगलेली असते: बुडाला भोक पाडलेलं मडकं, भोकात चिंधीची वात, थेंबामागून थेंब. दरवर्षी ती टांगली जाते आणि तिला कधी अनुदान लागलं नाही की सातबारा. तिचं पाहून मी वांग्याच्या दोन झाडांमध्ये एक साधं भाजलेल्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. माती सुकली की ती मडक्याच्या अंगातून पाणी ओढून घेते, ओली असली की थांबते. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. गल्लीतल्या पोरांना ती कुठून माहीत असणार? मडकं पुरताना त्यांनी पाहिलं आणि गुप्तधनाची चौकशी सुरू झाली. मी वरून सोयाबीनचं कुटार पसरून घेतलं, तेव्हा संशय पक्काच झाला.

एवढं करून ऊन चाळीस अंशांकडे सरकलं की टमाट्याची फुलं गळतात ती गळतातच. वांगं चिवट, दुपारी मान टाकतं, संध्याकाळी उचलतं.

आणि मग नेमकं आभाळ येतं. आता खरं तर बागवाल्यानं नाचावं. पण गच्चीवर कुरड्या वाळत असतात, कुणाचा गहू खळ्यावर, कुणाचा कांदा वावरात उघडा. आंब्याच्या मोहोराला तर नुसता ढगही बाधतो: तुडतुडे चिकटा सोडतात, पानं काळी पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इकडे कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे वावधन सुटलं की एकाच घरात तीन प्रार्थना चालतात. माझी वांग्यासाठी ‘येऊ दे’, बायकोची कुरड्यांसाठी ‘नको’, आणि आईची, देवाची अडचण ओळखून, ‘थोडा थांबून ये’. पाऊस बहुधा आईचं ऐकतो. चार थेंब टाकून, कुरड्या भिजवून आणि वांगी कोरडी ठेवून तो दुसऱ्या गावाला जातो.

आमच्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. अठरा धान्यं, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर घागर, घागरीवर पुरी-पापड-कुरडई. दुसऱ्या पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं, यावरून पीकपाण्याचं भाकीत होतं. शास्त्राचा त्याला आधार नाही, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी विचारतो, ‘‘काय निघालं?’’ वांग्याचं तिथं काही निघत नाही.

वांग्याचं भाकीत वानरं करतात. टिनावर धाडकन आवाज झाला की समजावं, माल तयार झाला. त्यांचा मुखिया वांगं देठापासून अलगद तोडतो, फिरवून पाहतो, एक चावा घेतो, आणि चव न आवडल्यासारखा टाकून दुसरं तोडतो. हाकलायला गेलो की माझ्याकडे असा बघतो, जणू मीच बांध ओलांडून आलोय.

उरला गोडलिंब. फोडणीच्या वेळी अख्खी गल्ली त्याच्यापाशी येते. यंदा मी नियम काढला: एका डहाळीला एक तांब्या पाणी. शेजारच्या काकूंनी नियम नीट ऐकून घेतला, डहाळी तोडली आणि म्हणाल्या, ‘‘पाणी लिहून ठेव. पाऊस पडला की देतो.’’

आता भिंतीवर कोळशानं काकूंच्या नावे रेघा वाढताहेत.