बॉडी, ग्लास आणि गुडघे

हौशी फोटोग्राफर ओळखायला त्याचे फोटो बघावे लागत नाहीत. भेटल्यावर तो ‘कसा आहेस?’ असं न विचारता ‘सध्या काय वापरतोस?’ असं विचारतो. इथं औषधांची चौकशी नसते, कॅमेऱ्याची असते. आमच्या वयाला दोन्ही शक्यता असतात म्हणून खुलासा केला.

आमचा सात-आठ जणांचा कंपू आहे. निम्मे सातारचे, निम्मे सांगलीचे. सगळे पेन्शनीत किंवा पेन्शनच्या उंबऱ्यावर. सातारकरांच्या वाट्याला कासचं पठार आलं आणि सांगलीकरांच्या वाट्याला कृष्णाकाठ. तेव्हा आम्हाला हवी बोटभर फूल टिपणारी मॅक्रो आणि त्यांना हवी पैलतीरावरचा खंड्या अलीकडे ओढून आणणारी लांबलचक टेलि. झालं नेमकं उलटं. सांगलीच्या मित्राचा खंड्या पाहून मी दीडशे-सहाशेची लेन्स घेतली आणि माझी कासची फुलं पाहून त्यानं शंभरची मॅक्रो घेतली. मग तो सांगलीत घरच्या कुंडीतल्या मिरचीच्या फुलाचे फोटो काढू लागला आणि मी गच्चीवरून अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचे नट-बोल्ट मोजू लागलो.

दर सप्टेंबरात मंडळी साताऱ्यात जमते आणि पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासला जाते. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. तेवढ्यात फुलफ्रेम मोठी की क्रॉप सेन्सर, प्राइम खरी की झूम, आरसा असलेला कॅमेरा ठेवावा की विकावा, हे सगळे वाद निकालाविना संपतात. कॅमेऱ्याला ‘बॉडी’ आणि लेन्सला ‘ग्लास’ म्हणायची आमची रीत. एकदा चहाच्या टपरीवर आमच्यातला एकजण म्हणाला, “बॉडी जुनी झाली तरी चालते, ग्लास मात्र भारी पाहिजे.” टपरीवाल्यानं आम्हा सगळ्यांकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही.

त्या दिवशी मीही तात्त्विक झालो होतो. म्हटलं, “मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं ऐकून कुणी विचारत असेल का, तंबोरा कुठल्या कारागिराचा म्हणून?” सांगलीकर मित्र शांतपणे म्हणाला, “गाव चुकलं तुझं. मिरजेत आधी तंबोऱ्याचंच विचारतात.” खरंच होतं त्याचं. ज्या गावात भोपळ्यापासून सतारी-तंबोरे घडतात आणि जव्हारी लावण्यात पिढ्या जातात, तिथं साधनाला गौण म्हणून कसं चालेल? मी गप्प चहा प्यालो. तरी एक फरक मनात राहिलाच. तिथं जव्हारी लागली की गाणं सुरू होतं. आमची जव्हारीच वर्षभर चालते.

कास म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. माती जेमतेम, तीही निकस. जागतिक वारसा म्हणून 2012 साली पश्चिम घाटाची जी ठिकाणं निवडली गेली, त्यांत हा सडा आहे. लोक लांबून येतात, रंगांचा गालिचा पाहतात आणि परत जातात. गालिचा उभ्यानं दिसतो. फूल उभ्यानं दिसत नाही. गेंदाचं पांढरं बोंडुक शर्टाच्या गुंडीएवढं. सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं वीतभर दांडीवर नखाएवढी. आणि नाव ‘आसवं’ असलं तरी बाई मुकाट रडणाऱ्यांतल्या नाहीत. मातीत पोषण नाही म्हणून ही वनस्पती जमिनीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म किडे पकडून खाते. तिच्या शेजारी दवबिंदू. त्याच्या पानांवर चमकतात ते थेंब दवाचे नसतातच, तो किड्यांसाठी लावलेला डिंक असतो. दोन्ही वनस्पती जागच्या न हलता सावजाची वाट बघतात. सगळ्या पठारावर खरे वन्यजीव छायाचित्रकार म्हणावेत तर ह्याच.

अशा फुलाच्या इतकं जवळ गेलं, की मॅक्रोत स्पष्ट दिसणारा भाग तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा उरतो. एक पाकळी लख्ख, बाकीच्या धुक्यात. ऍपर्चर लहान करावं तर उजेड कमी. उजेडासाठी शटर सावकाश करावं तर पठारावरचा वारा फुलाला डोलवणार. शटर वेगवान ठेवून आयएसओ वाढवावा तर फोटोवर रवा सांडल्यासारखे कण. हे त्रैराशिक सुटतं एकाच रीतीनं. फुलाच्या उंचीला जायचं, श्वास धरायचा आणि वारा पडायची वाट बघायची. त्यातही पायवाट सोडायची नाही, कारण आपलं एक ढोपर टेकलं की दहा गेंद आडवे. तेव्हा वाटेच्या कडेलाच बसायचं, वाटेवरूनच वाकायचं.

आणि इथंच आमचं सगळं गिअर संपतं. सात-आठ जणांत मिळून कॅमेरे दहा, लेन्स वीसेक, तिकाटण्या सहा. धड गुडघे मोजून तीन. खाली बसताना “आई गं” आणि उठताना “धर रे जरा”. माझे वडील लग्नामुंजीत ॲग्फाचा क्लिक थ्री वापरायचे. बडोद्यात तयार होणारा डबा. त्यावर ऊन आणि ढग अशा दोन खुणा, रोलवर बारा फोटो. बारावा फोटो काढेपर्यंत ते प्रत्येक वेळी बसायचे, वाकायचे, पुन्हा उभे राहून विचार करायचे. मी उभ्या जागी एका फुलाचे दोनशे काढतो आणि घरी येऊन त्यातला एक निवडताना मान धरते.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते ही सातारकरांची खास चिंता. मी माझी टेलि तांदळाच्या डब्यात ठेवत असे, ओल शोषली जावी म्हणून. एका सकाळी घरून प्रश्न आला, “ह्याचा भात किती वेळात होतो?” तेव्हापासून लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह नांदू लागली आणि पावसाळ्यात बाहेर यायची ती फक्त सांगलीला जाताना. आयर्विन पुलावरून कृष्णेकडे बघत मी ती लावायचो. पूल 1929 चा, नदी त्याहून पुष्कळ जुनी. मी आणि माझी बॅटरी तेवढे ताजे. खंड्या तारेवर बसलेला असायचा. मी सेटिंग लावेपर्यंत तो मासा धरून परत यायचा. मित्र शेजारी उभा राहून नुसता बघायचा आणि खंड्या कधी सूर मारणार ते आधी सांगायचा. त्याचा अंदाज चुकत नाही. वीस वर्षं तो रोज घाटावर जातो, बहुतेकदा कॅमेऱ्याशिवाय.

गेल्या वर्षी त्याच मित्राच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मिरजेत झालं. आम्ही बघायला गेलो. तब्येतीची विचारपूस मिनिटभरात आटोपली. मग एकानं हळूच विचारलं, “कंपनी कुठली?” दुसरा म्हणाला, “टायटॅनियम का? वजनाला हलकं असतं.” तिसऱ्यानं वॉरंटी विचारली. चौथ्याला जुन्या गुडघ्यांचं एक्स्चेंज मिळालं का, ते हवं होतं. मित्र आनंदानं एकेक उत्तर देत होता. इतकं भारी गिअर आमच्यात आजवर कुणीच घेतलेलं नव्हतं.

निघताना त्यानं डॉक्टरांची अट सांगितली. हवं तितकं चाला, जिने चढा; फक्त उकिडवं बसायचं नाही आणि जमिनीवर मांडी घालायची नाही.

त्याची मॅक्रो आता माझ्याकडे आहे आणि माझी टेलि त्याच्याकडे. वाचकहो, सप्टेंबरात कासला जाणार असाल तर कॅमेरा कुठलाही चालेल. गुडघे मात्र स्वतःचे असतानाच जा.