सत्तरपैकी बारा

नाणी जमवायला लागलो त्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर नियम लिहिला : ‘व्हेरी फाइन’च्या खालचं नाणं घ्यायचं नाही. खाली तारीख टाकली, सही ठोकली. बायको म्हणाली, “साक्षीदार म्हणून मी करू?” तिनेही केली. आजवर त्या नियमाला आठ दुरुस्त्या झाल्यात आणि प्रत्येकीखाली तिची सही आहे, दर वेळी थोडी जास्त वळणदार.

सगळा दोष माझा नाही. या धंद्याची भाषाच मध्यस्थाने आणलेल्या स्थळासारखी आहे. ‘गुड’ म्हणजे नाण्यावर कधीकाळी राजा होता एवढा अंदाज येतो. ‘व्हेरी गुड’ म्हणजे त्या राजाला कानही असावा अशी शंका येते. ‘फाइन’ला सत्तरपैकी बारा गुण. आमच्या शाळेत सत्तरपैकी बारा पडले की वडिलांना बोलावणं जायचं. इथे त्याला ‘फाइन’ म्हणतात आणि वर पैसे मागतात.

हे सत्तर आले कुठून? विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ही मोजपट्टी काढली. एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत ज्याला यावी, ते सत्तर गुणांचं. हाच गृहस्थ माणसांचीही लठ्ठ, पिळदार आणि काटकुळे अशी वर्गवारी करून त्यावरून त्यांचे स्वभाव सांगायचा. तो वारल्यावर उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या नाणकशास्त्र संस्थेच्या संग्रहातले सरस सेंट त्याने उचलले होते आणि जागी हलके ठेवले होते. नाण्यांची पारख त्याला होती, हे मात्र कबूल करावंच लागेल.

आता ही अमेरिकन पट्टी घेऊन तुम्ही रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा आणि शिवराईसमोर बसा. मी बसलो. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. निदान पुस्तकात तरी. प्रत्यक्षात ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, आणि वरून घण मारणारा घाईत. त्यामुळे कुठे ‘जा शि’ उमटतं, कुठे ‘त्र’ आणि अर्धी वेलांटी. सगळी अक्षरं असलेली शिवराई निघालीच, तर तिची किंमत ऐकून माणूस शेजारच्या टपरीवर चहा घेतो आणि घरी जातो. यंत्रावर गोल गरगरीत पाडलेल्या सेंटाला लावायची पट्टी हिला लावणं म्हणजे हातच्या भाकरीला कंपास लावून नापास करण्यासारखं आहे.

“साहेब, एक नंबर पीस आहे,” विक्रेता म्हणाला.

मी भिंग काढलं. मग खिशातला छोटा काटा काढला. मग लोहचुंबक काढलं.

“साहेब, घ्यायचंय का पंचनामा करायचाय?”

पंचनामा करावाच लागतो हो. तिथेच दोन पथाऱ्या सोडून मला ईस्ट इंडिया कंपनीचं, हनुमानाचं चित्र असलेलं, १८१८ सालचं नाणं ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून दाखवलं होतं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. आणि ज्या साली पेशवाई बुडवली, त्याच साली साहेब मारुतीरायाला नाण्यावर बसवेल, हे पुणेकराला पटावं तरी कसं?

मुघल रुपयांची तर वेगळीच गंमत. रुपया आतून चांदीचाच आहे ना, वर नुसता मुलामा तर नाही, हे बघायला जुने सराफ त्यावर बारीक छिन्नी मारायचे. ती खूण म्हणजे खरेपणाचा दाखलाच. आज त्याच खुणेपायी गुण कापले जातात. दाखला आणला म्हणून उमेदवाराला नापास करायचं, ही पद्धत सरकारी वाटते, पण इथे संग्राहकांनी स्वखुशीने स्वीकारलीय.

आणि १९११चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, टांकसाळीला पुढच्या साली हत्तीची सोंड नीट करून घ्यावी लागली. मी मोठ्या उत्साहाने दोन्ही सालांचे रुपये भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले. ‘फाइन’ अवस्थेत दोन्ही हत्ती रताळी दिसतात.

दुरुस्ती क्रमांक सहा आईमुळे झाली. त्या रविवारी पंचनामा संपवून आणलेली ‘राजा शि’ची शिवराई, वर शंभर-दोनशे वर्षांचा गडद चॉकलेटी थर असलेली, मी टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो. परत येतो तर टेबलावर नवंकोरं तांबं लखलखतंय. “केवढी काळी पडली होती रे,” आई म्हणाली. “चिंच-मीठ लावलं, दोन मिनिटांत निघालं.” ते दोन शतकांत जमलं होतं, हे मी बोललो नाही. त्या दिवशी वहीत ‘क्लीन केलेलं नाणंही चालेल, घरचं असल्यास’ असं कलम आलं.

यंदा लक्ष्मीपूजनाला आजीचा राणीछाप रुपया डब्यातून निघाला. तोळाभर चांदी, साठ-सत्तर दिवाळ्यांचं पंचामृत आणि हळदकुंकू पचवलेली. राणीचं नाक सपाट झालंय, मुकुटाच्या नक्षीत हळद बसलीय. मला राहवलं नाही, भिंग लावलं.

“काय म्हणतंय तुझं भिंग?” आईने विचारलं.

“बारा.”

“बारा हजार?”

“सत्तरपैकी बारा.”

आईने रुपया माझ्या हातातून काढून घेतला. “माझ्या सासूने हा असा वाजवून घेतला होता,” म्हणाली आणि तो फरशीवर टाकला. खण्णकन आवाज झाला, अगदी बंदा रुपयाच. पूजेला आलेली सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच बद्द वाजलो होतो. तेवढ्यात रुपया उभा राहिला आणि गडगडत कपाटाखाली गेला.

पोटावर पडून, फूटपट्टीने ओढून काढला, तेव्हा जळमटाबरोबर काठावर एक ताजी खोकही बाहेर आली. मी वही आणली, बाराचे दहा केले. बायकोने ओल्या कुंकवाचा हात पदराला पुसला आणि खाली सही केली.