चकव्याचं गिऱ्हाईक

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या पारावर जा, भूत पाहिलेला एक आबा तिथं बसलेला असतोच. बाकीच्यांनी भुताच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. यांनी भुताला तंबाखू मळून दिलेली असते. आमच्या आबांना पिंपळावरचा मुंजा माहीत, विहिरीतल्या साती आसरा माहीत, अवसेला मशाली घेऊन निघणारा वेताळही माहीत. पण खरा घरोबा चकव्याशी.

चकव्याची रीत ठरलेली. माणूस रात्री एकटा गाठायचा, पायाखालची वाट भुलवायची आणि उजाडेस्तोवर एकाच शिवारात फिरवत ठेवायचं. आबांच्या चकव्याला मात्र अवस-पुनवेपेक्षा बाजारभाव जास्त कळतो. खुरपणीच्या दिवसांत तो आबांकडं ढुंकून बघत नाही. मानवतला कापूस घालून, खिसा गरम करून आबा निघाले की हा दुधनेकडच्या वाटेवर हजर! पहाटे आबा घरी येतात तेव्हा डोळे तांबारलेले, धोतराला कुसळं, आणि खिशात चहापुरतेही पैसे नाहीत. "लै फिरवलं गं," म्हणायचं आणि बाजेवर आडवं व्हायचं. भुताला पैसे कशाला लागतात, असं एकदा सुनेनं विचारलं. आबा म्हणाले, "त्यालाच इचार."

भावाचा नातू जर्मनीत शिकायला आहे. 'जगात जर्मनी, देशात परभणी' हे आपल्याकडं पोरगं पाढ्यांच्या आधी शिकतं, त्यामुळं आबांना जर्मनी परकी नाही. नातवानं फोनवर सांगितलं, तिथल्या जुन्या गोष्टींत कोबोल्ड नावाचं बुटकं भूत असतं. घरात राहतं, रात्री गुपचूप कामं उरकतं, बदल्यात त्याला खायला ठेवावं लागतं आणि विसरलं तर घर डोक्यावर घेतं. आबा ताडकन उठून बसले. "कापूस वेचतंय का?" दिवाळीनंतर वेचणीला माणूस मिळत नाही, हे दुखणं सगळ्या जिल्ह्याचं. "दोन धाडून दे. भाकरी मी घालतो."

इंग्लंडातल्या डेव्हनकडं पिक्सी नावाची भुतंही वाटसरूला असंच गरगर फिरवतात, आणि अंगातला कोट आतली बाजू बाहेर करून घातला की वाट सापडते, हेही नातवानंच सांगितलं. आबांनी उतारा लगेच करून पाहिला. पुढच्या बाजारातून ते सदरा उलटा घालून परतले. पहाटेच परतले. खिसा आत गेला होता, तरी रिकामाच. विलायती उतारा देशी चकव्याला लागू पडत नाही, हा आबांचा निष्कर्ष.

2024 साली 'मुंज्या' सिनेमा आला. तो पोरांनी त्यांना मोबाइलवर दाखवला. कोकणातला मुंजा लग्नासाठी एवढी आदळआपट करतो हे पाहून आबांना कीव आली. "आपल्या गावात तिशी उलटलेले किती बिनलग्नाचे बसलेत. एक तरी झाडावर चढला का?" यावर पारावरचे चार-पाच जण खाली बघू लागले.

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा मास्तरांनी आबांना दम भरला होता. आबांनी कायदा वाचून घेतला. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणारा, चटके देणारा त्यात सापडतो, हे कळल्यावर ते निर्धास्त झाले. "म्या कुठं मांत्रिक? म्या तर गिऱ्हाईक." हे मात्र मान्य करायला हवं. आबांनी कधी कुणाला अंगारा दिला नाही, लिंबू कापलं नाही, दमडी घेतली नाही. भुतावर पोट भरणाऱ्यांसाठी तो कायदा हवाच होता. बाजाराचा हिशेब भुताच्या नावावर मांडणाऱ्याला आजी पुरेशी आहे.

आणि आजीनं यंदा ते केलंही. व्यापाऱ्याला सांगून कापसाचे पैसे बँकेत जमा करायला लावले. खातं तिच्या नावावर आहे. आबा आता दिवे लागायच्या आत घरी येतात.