नवरा शंभरीपार, नवरी अकरावीतली!

अहो, काय हा प्रकार! मुलगी सतरा वर्षांची, अकरावीत शिकणारी. मुलगा जन्मला १९०१ साली. १९१८च्या स्पॅनिश फ्लूत शिकागोत मरायच्याच बेतात होता, पण एका डॉक्टरने ऐन वेळी चावून वाचवला. तेव्हापासून त्याचं वय सतरावर जे अडकलं ते अडकलंच. हा घोडनवरा गावोगावच्या शाळांत नव्याने नाव घालतो, बायोलॉजीच्या तासाला त्या पोरीशेजारी बसतो आणि तिच्या रक्ताच्या वासाने कासावीस होतो. यावर जगभरच्या मुली म्हणतात काय, तर ‘अय्या, किती गोड!’

‘ट्वायलाइट’ या कादंबरीतली ही रक्तपिपासू एडवर्डची आणि बेलाची भानगड २००५ साली चव्हाट्यावर आली. आणि चव्हाट्यावर आणली कोणी? स्टेफनी मायर या ॲरिझोनातल्या, तीन मुलांच्या आईने. बाई मॉर्मन पंथाच्या, धर्मकर्म पाळणाऱ्या! २००३च्या जूनमध्ये त्यांना स्वप्न पडलं: कुरणात एक मुलगी आणि उन्हात लखलखणारा रक्तपिपासू. तुम्हाआम्हाला स्वप्नं पडतात ती गाडी चुकल्याची. बाईंनी उठून कादंबरी लिहिली, मागोमाग आणखी तीन लिहिल्या, त्यांवर पाच सिनेमे निघाले आणि पुस्तकांचा खप दहा कोटींच्या पार गेला.

आता ऐका पुढचं. बेलाचा बाप फोर्क्सचा पोलीस प्रमुख. (वॉशिंग्टन राज्यातलं हे पावसाळी गाव खरोखरचं आहे बरं का, लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावात आता ‘ट्वायलाइट’ची जत्रा भरते.) तर या पोलीसदादांच्या घरात हे महाशय रात्री खिडकीतून शिरतात आणि झोपलेल्या मुलीकडे टक लावून बसतात. खिडकी करकरते म्हणून बिजागऱ्यांना तेलसुद्धा घालतात! बाप पलीकडच्या खोलीत घोरतोय. कसली ही पोलिसी? आमच्या आळीत असता, तर दुसऱ्या रात्री खिडकीखाली दांडकी घेऊन आठ जण उभे असते. पुढे तर तिने जेकब नावाच्या मित्राकडे जाऊ नये म्हणून हा तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. याला प्रेम म्हणायचं, की नजरकैद?

तरीही वीस वर्षं झाली, वेड काही उतरत नाही. कारण सांगू? हा सगळा वाह्यातपणा वरवरचा. आतून एडवर्ड आपल्या आजोबांहून सोवळा. बेला उतावीळ, आणि हा म्हणतो, आधी लग्न! माणसाचं रक्त वर्ज्य, जनावरांवर भागवतो आणि स्वतःला शाकाहारी म्हणवून घेतो. घरात वडील डॉक्टर, दारात व्होल्व्हो, बोटांत पियानो, आणि स्वयंपाकाची अपेक्षा शून्य. एरवी ‘मुलीने मर्यादा सांभाळावी’ हे ओझं कायम मुलीच्या डोक्यावर. इथे ते मुलाने उचललंय, तेही दातओठ खाऊन. बेलाने फक्त मागत राहायचं. सोळाव्या वर्षी अशी चैन कुठे मिळते? १८९७चा तो ड्रॅक्युला बिचारा नुसती भीती घालत राहिला. एवढी साधी गोष्ट त्याला सुचली नाही.

म्हणून तर २०२० साली हीच कथा एडवर्डच्या तोंडून पुन्हा सांगणारं जाडजूड ‘मिडनाइट सन’ आलं, तेव्हा माहीत असलेल्याच गोष्टीवर लोक तुटून पडले. ‘फिफ्टी शेड्स’ या चावट कादंबरीचा जन्मही एडवर्ड-बेलाच्या चाहतीने लिहिलेल्या कथेतूनच झाला. तो तपशील चारचौघांत नको.

पण जेकबचं काय? हा लांडगा होणारा मुलगा तीन पुस्तकं बेलामागे झुरतो, तिच्यासाठी भांडतो, रुसतो. आणि चौथ्या पुस्तकात तिला मुलगी झाल्यावर, त्या नुकत्या जन्मलेल्या पोरीशी याची आयुष्यभराची गाठ बांधली जाते! कालचा मागणी घालणारा आज भावी जावई. एडवर्डचं स्थळ आम्ही एक वेळ पत्रिका न बघता पसंत करू. या जेकबला मात्र उंबऱ्याच्या आत घेणार नाही.