घुमा, बुजरा आणि उंबरठा : एक निर्गमनशास्त्रीय विवेचन

माणसांचे प्रकार पाडण्याची खोड जुनी आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने तीस तऱ्हेच्या माणसांची शब्दचित्रे काढून ठेवली. आपल्याकडे समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे एका समासात आणि पढतमूर्खाची दुसऱ्या समासात सांगून दोघांची गल्लत होऊ दिली नाही. घुमा आणि बुजरा यांच्या बाबतीत मात्र ही दक्षता कोणी घेतलेली दिसत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेल्या कोणत्याही गप्प गृहस्थाला आपण 'जरा अबोलच आहेत हो' या एका शेऱ्यात निकालात काढतो. परिणामी घुम्याला 'अहो, बोला की काहीतरी' असा आग्रह होतो आणि बुजऱ्याला 'राहू दे, त्याला नाही आवडत' म्हणून एकटे सोडले जाते. दोघांवरही अन्याय, आणि तो अगदी बरोबर उलटा!

पूर्वसूरींचा परामर्श घेतल्याशिवाय प्रबंध पुढे नेता येत नाही, म्हणून तो उरकून घेऊ. १९२१ साली कार्ल युंग यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी फाळणी करून प्रत्येकाला विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रेरणा या चारांनी गुणले व आठ प्रकार पाडले. अंतर्मुख विचारकाचा नमुना म्हणून त्यांनी कांटला उभे केले आणि त्याच्यासमोर बहिर्मुख म्हणून डार्विनला. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी त्यात आणखी एक जोडी घालून आठाचे सोळा केले. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेले नव्हते. इसाबेलच्या नावावर मात्र एक बक्षीसपात्र रहस्यकादंबरी होती, आणि लोकांच्या मनात काय चालले आहे हे शोधायला ती पात्रता कमी नाही. आता कचेरीतल्या प्रशिक्षणात दुपारच्या जेवणानंतर प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरे वाटली जातात, आणि आयएनटीजे व आयएनएफजे यांच्यात मूलभूत फरक काय यावर कँटीनमध्ये वाद झडतात. झडोत. पण या दोघांपैकी रात्री साडेदहाला तुमच्या सोफ्यावर कोण बसलेला असेल, याचे उत्तर त्या सोळा खणांपैकी एकातही लिहिलेले नाही.

लंडनच्या हान्स आयसेंक यांनी लिंबू वापरले. जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे आणि सुटलेली लाळ कापसाच्या बोळ्याने टिपून बोळा तोलायचा. अंतर्मुखाचा बोळा जड भरतो. बाहेरच्या उत्तेजनाला अंतर्मुखाचा मेंदू अधिक जोरात प्रतिसाद देतो, म्हणून त्याला गर्दी लवकर पुरे होते, असा त्यामागचा सिद्धांत. प्रयोग मोठा देखणा आहे, पण आपल्या कामाचा नाही. लिंबू फार तर अंतर्मुख कोण हे सांगेल. पोह्यांवर लिंबू पिळून घेणाऱ्या दोन गप्प पाहुण्यांपैकी घुमा कोणता आणि बुजरा कोणता हे सांगणार नाही.

खरे पाऊल पुढे टाकले ते जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या दोघांनी, १९८१ साली. माणसांची ओढ कमी असणे वेगळे आणि माणसांसमोर बुजणे वेगळे, या दोन स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत, असे त्यांनी दाखवले. अनोळखी विद्यार्थिनींच्या जोड्या काही मिनिटे एका खोलीत बसवल्या, तेव्हा सर्वांत जास्त अवघडल्या त्या बुजऱ्याही असलेल्या आणि माणसांची आवडही असलेल्या मुली. कमी बोलल्या, नजर चुकवत राहिल्या, हात सारखा स्वतःच्याच चेहऱ्याकडे नाहीतर केसांकडे. म्हणजे बुजऱ्याला माणसे हवी असतात, हा महत्त्वाचा मुद्दा विद्यापीठीय मोहोर लागून आपल्या हाती येतो.

त्यावरून लक्षणे अशी ठरतात. बोलण्यासारखे काही आहे असे ज्याला वाटत नाही आणि म्हणून जो बोलत नाही, तो घुमा. ज्याच्याजवळ वाक्य तयार असते, परंतु ते ओठांवर येईपर्यंत विषय क्रिकेटवरून मुळव्याधीवर गेलेला असतो, तो बुजरा. लक्षणे निर्दोष आहेत. त्यांत अव्याप्ती नाही, अतिव्याप्तीही नाही. अडचण एवढीच की ती आतली आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच गप्प दिसतात. आजवरच्या सर्व पंडितांनी ही माणसे बोलतात कशी, बसतात कशी, मिसळतात कशी हे तपासले. ती निघतात कशी, हे कोणी पाहिले नाही. आणि भेद नेमका तिथे आहे.

मराठी घरातून निघणे ही एक क्रिया नसून तीन क्रियांची मालिका आहे : बसल्या जागी 'चला' म्हणणे, उभे राहून 'चला' म्हणणे आणि चपला घालताना 'चला' म्हणणे. (खऱ्या गप्पा दुसऱ्या आणि तिसऱ्या 'चला'च्या मध्ये होतात हे सर्वश्रुत आहे. जमिनीचे व्यवहार, स्थळांची चौकशी आणि कोणाचे काय चालले आहे हे सगळे एक पाय चपलेत असतानाच कळते.) घुमा या तिन्ही पायऱ्या गाळतो. पाणी पितो, पेला खाली ठेवतो, 'येतो' म्हणतो आणि जातो. पाच मिनिटांनी कोणीतरी विचारते, 'अरे, हा गेला कधी?' त्याच्या चपलाही त्याच्या कटात सामील असतात. आला तेव्हाच त्याने त्या ढिगापासून हातभर दूर, तोंडे दरवाजाकडे करून काढलेल्या असतात.

बुजऱ्याच्या चपला ढिगाच्या तळाशी असतात, पण तिथवर पोहोचायचे तर आधी पहिले 'चला' पार पडायला हवे. ते म्हणायला संभाषणात फट लागते. फटीची वाट पाहण्यात अर्धा तास जातो. फट मिळते तेव्हा खोलीत शांतता पसरलेली असते, आणि शांततेत उठले तर कंटाळून उठल्यासारखे दिसेल, या भयाने तो विचारतो, 'मग, चिरंजीव कितवीला आता?' यजमान चिरंजीवांना बाहेर बोलावतात. चिरंजीव पेटी वाजवतात. पुढची फट सव्वादहाला. या खेपेस बुजरा दोन्ही मांड्यांवर थाप मारतो. पण ती इतकी हलकी असते की यजमानाला वाटते, डास मारला. ते मॅट लावायला सांगतात. आतून आवाज येतो, 'टाकते हं पुन्हा थोडा चहा!' आता शिष्टाचाराप्रमाणे पहिले 'नको' औपचारिक असते, दुसरेही औपचारिक असते आणि तिसरे खरे धरले जाते. बुजरा आयुष्यात कधी तिसऱ्या 'नको'पर्यंत पोहोचलेला नाही.

तेव्हा सिद्धांत असा : समारंभातून सर्वांत आधी जातो तो घुमा आणि सर्वांत शेवटी जातो तो बुजरा. बुजरा रमला म्हणून थांबलेला नसतो. थांबायला काही बोलावे लागत नाही, निघायला लागते, एवढेच त्याचे कारण. मधल्या वेळात जाणारे सगळे बहिर्मुख होत. त्यांचा विचार या प्रबंधात करण्याचे कारण नाही. ते स्वतःबद्दल स्वतःच पुरेसे सांगतात.

पुराव्यादाखल लग्नाचे अल्बम तपासावेत. घुमा अल्बममध्ये नसतो. आहेराचे पाकीट त्याने प्रवेशद्वाराशीच नवरदेवाच्या मावसभावाच्या हातात कोंबलेले असते, आणि पहिल्या पंगतीला जेवून तो स्टेशन गाठतो. बुजरा प्रामाणिकपणे रांगेत उभा राहून स्टेजवर चढतो. शुभेच्छा देतो, फोटो निघतो, आणि उतरायचे कोणत्या बाजूने हे विचारायची सोय नसल्याने तिथेच राहतो. एवढ्यात मुलीच्या आत्याचे कुटुंब चढते. फोटोग्राफर म्हणतो, 'काका, थोडे आत या.' काका आत येतात. मग कल्याणचे मंडळ, मग बँकेतले सहकारी. पुढे वीस वर्षे त्या अल्बमवर बोट ठेवून सगळे एकमेकांना विचारत राहतात, 'हे तुमच्याकडचे ना?'

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचेही हेच. घुमा खाली येतो, हजेरीपत्रकावर सही करतो आणि लिफ्टने परत वर जातो. बुजरा गच्चीवरच्या टाकीच्या गळतीबद्दल चार वाक्ये मनात घोळवत शेवटच्या रांगेत बसून राहतो. गणपूर्ती होते, हिशेब वाचले जातात, पार्किंगवरून भांडण होऊन मिटते, लोक पांगतात. सरतेशेवटी चेअरमन सभोवार पाहतात आणि म्हणतात, 'सेक्रेटरी म्हणून यांचे नाव सुचवतो. हरकत नाही ना?' हरकत असते, पण ती मांडायची म्हणजे बोलायचे. तोच सेक्रेटरी होतो आणि टाकी पुढे त्यालाच दुरुस्त करून घ्यावी लागते. महाराष्ट्रातल्या किती सोसायट्या या एका स्वभावदोषावर चालल्या आहेत, याची सहकार खात्याला कल्पना नसावी.

ठाण्याहून निघालेल्या धीम्या लोकलमध्ये बुजरा कुर्ल्यापासून 'दादर?' हा एक शब्द घोळवत असतो. शीव जाते, माटुंगा जाते, शब्द निघतो आणि उतरतो तो परळला. घुमा विचारत नाही, समोरच्याच्या खांद्याला बोट लावतो.

इथे पूर्वपक्ष उभा राहील. तो म्हणेल, हेन्री कॅव्हेंडिशचे काय? १७९८ साली पृथ्वीची घनता काढणारा हा गडगंज इंग्रज शास्त्रज्ञ बुजऱ्यांचा शिरोमणी. जेवणात काय हवे ते तो चिठ्ठीवर लिहून ठेवी. मोलकरीण समोर येऊ नये म्हणून त्याने घरात वेगळा जिना काढून घेतला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तरीही सर जोसेफ बँक्स यांच्या घरच्या मैफलींना तो यायचा. माडीवर दाराबाहेर ताटकळत उभा राहायचा आणि मागून जिना चढणाऱ्या कोणाची तरी चाहूल लागली की मगच, नाइलाजाने, दार उघडून आत जायचा. हा बुजऱ्याचा प्रवेश. शंकेला जागाच नाही. पण एकदा तिथे एका ऑस्ट्रियन पाहुण्याने त्याची तोंडावर स्तुती सुरू केली. कॅव्हेंडिश मान खाली घालून अवघडून उभा राहिला, गर्दीत फट दिसताच तिच्यातून सुसाट निघाला, बग्गीत बसला आणि थेट घरी गेला. मग बुजरा शेवटी जातो हा सिद्धांत कोसळला ना?

कोसळला नाही. कॅव्हेंडिश पळाला. पळणे वेगळे आणि निघणे वेगळे. निघण्यात निरोप असतो आणि निरोपात वाक्य असते. पळण्यात नुसते पाय लागतात. शिवाय दाराशी स्वतःची बग्गी असणे आणि चपला ढिगाच्या तळाशी असणे यांतला फरक पूर्वपक्षाने लक्षात घेतलेला नाही.

घुम्यांच्या बाजूने पॉल डिरॅक यांना उभे करावे. केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने बोलण्याचे एककच काढले होते : तासाला एक शब्द म्हणजे एक डिरॅक. १९३३ चे नोबेल जाहीर झाले तेव्हा गाजावाजा नको म्हणून ते नाकारावे असे त्यांच्या मनात आले. नाकारलेत तर आणखी गाजावाजा होईल, असे रदरफर्ड यांनी समजावले. हिशेब पटला, डिरॅक गेले आणि घेऊन आले. घुम्याला पटवायचे तर असे हिशेबाने पटवावे. बुजऱ्याच्या बाबतीत हा प्रसंगच उद्भवला नसता. नकाराचे पत्र कसे सुरू करावे हे न सुचल्यामुळे त्याने पारितोषिक घेतले असते.

व्हॉट्सॲपमुळे दोघांचे निदान काही काळ फारच सोपे झाले होते. '२०१६ अष्टविनायक' नावाचा गट अजूनही ज्याच्या फोनमध्ये आहे तो बुजरा, आणि खानदानाचा गट रात्री अकराला विनास्पष्टीकरण सोडून जो झोपतो आणि सकाळी तीन काकांचे फोन येऊनही उचलत नाही तो घुमा. २०२२ पासून मात्र गट सोडल्याची वर्दी फक्त ॲडमिनला जाते. शास्त्राची हानी झाली. बुजऱ्याला तरी याचा काही फायदा व्हावा ना? नाही. त्या गटाचा ॲडमिन तोच असतो.

हे सारे पुरुषांविषयी झाले, बायकांचे काय, असा आक्षेप रास्त आहे. घुम्या बायका आहेत, बुजऱ्याही आहेत. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्यांच्यात हा भेद दिसतच नाही. ज्या कोणी ही चाल घालून दिली, त्यांना निर्गमनशास्त्र उत्तम कळत होते. हळदीकुंकू लागले, तिळगूळ मिळाला, हातात वाण पडले की निघायचे. 'चला' म्हणावे लागत नाही, फट शोधावी लागत नाही, मांडीवर थाप मारावी लागत नाही. स्टीलची वाटी हातात आली म्हणजे निरोप झाला. बुजरीसुद्धा घुमीच्या वेगाने जिना उतरते आणि अजून चार घरे करून संध्याकाळच्या कुकरला घरी पोहोचते.

पुरुषांच्या बैठकांना अशी कोणतीही सोय नाही. प्रस्तुत अभ्यासकाची सूचना अशी की यजमानांनी सव्वानऊच्या सुमारास पुरुष पाहुण्यांनाही एकेक वाटी द्यावी. खर्चाची काळजी नको : वाट्या बाहेर येईपर्यंत घुमे गेलेले असतील, बहिर्मुख माणसे घ्यायला विसरतील, आणि बुजऱ्याने 'नको' म्हटले तरी ते पहिलेच असेल.