मायनरवाला

सुट्टीला वेंगुर्ल्यात आलेली कॉलेजची पोरं लांबूनही ओळखता येतात. इंजिनिअरिंगवाला झोपलेला असतो. मेडिकलवाल्याला झोपू देत नाहीत, कारण वाडीतल्या प्रत्येक काकीला त्याला गुडघा दाखवायचा असतो. सीएवाला आला तरी दिसत नाही. अलीकडे चौथा प्रकार उगवला आहे. बंदरावर सगळे सूर्यास्ताकडे तोंड करून उभे असताना जो सूर्याकडे पाठ फिरवून त्या लोकांच्या चपला मोबाइलवर टिपत असतो, तो सिनेमाचा मायनरवाला.

या प्राण्याचा जन्म सरकारी कागदावर झाला. नवं शैक्षणिक धोरण आधी स्वायत्त कॉलेजांत आणि 2024-25पासून बाकीच्या कॉलेजांत आलं. मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय घ्यायचा, तीन वर्षांच्या किमान 120 श्रेयांकांतले 18 ते 20 त्याचे. बापाने मुंबईला धाडलं ते अकाउंट्ससाठी. मायनरचा रकाना भरायचा म्हणून पोराने फिल्म स्टडीजवर खूण केली, आणि पहिल्या सत्राच्या अखेरीस मुख्य विषय कुठला आणि दुय्यम कुठला हे फक्त फी भरणाऱ्याला आठवत राहिलं. पाहुण्याने ‘काय शिकतंस रे?’ विचारलं की पोरगा ‘सिनेमा’ म्हणतो आणि आतल्या खोलीतून बापूस ‘अकाउंट्स, अकाउंट्स’ असा गजर करतो.

मायनरवाला सिनेमा बघत नाही, ‘वाचतो’. त्याला सिनेमा आवडला का असं विचारणं अडाणीपणाचं. तो थोडं थांबून म्हणतो, ‘इंटरेस्टिंग आहे.’ याचा अर्थ तो झोपला होता. घरच्यांबरोबर टीव्हीवर काही बघायला बसला की नायिका रडत असताना हा दिवा कुठे ठेवला असेल ते सांगतो, म्हणून हल्ली त्याला नळावर पाणी आलंय का बघायला पाठवतात. मावसबहिणीच्या लग्नात तर त्याने व्हिडिओवाल्यालाच गाठलं. अंतरपाटाच्या एका बाजूचे शॉट घेऊन झाल्यावर तो गृहस्थ टुणकन पलीकडे गेला. त्यामुळे 180 अंशांचा नियम मोडला, आणि आता पडद्यावर नवरा-नवरी जागा बदललेले दिसणार! व्हिडिओवाल्याने शांतपणे विचारलं, ‘मग भटांका सांगा मंगलाष्टकां थांबवूक?’ मला विचाराल तर मुद्दा मायनरवाल्याचा बरोबर होता. पण बरोबर मुद्दा चुकीच्या मुहूर्तावर काढणं हाच या माणसाचा स्थायीभाव.

मे महिन्यात त्याने घरी शान्ताल आकरमानचा ‘जान डीलमान’ लावला. 1975चा सिनेमा, लांबी तीन तास एकवीस मिनिटं. ब्रसेल्समधली एक विधवा पलंग आवरते, बटाटे सोलते, बशा धुते, पुन्हा बटाटे सोलते, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. 2022 साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा हा सिनेमा पहिला आला. पोराने हे घरात जाहीर केलं. ओटीवर ओले काजूगर सोलत बसलेल्या आईने हातावरचा डीक बघितला, पडदा बघितला आणि म्हणाली, ‘ह्या मी रोज करतंय. माका कोणी नंबर देवक नाय तो!’

बापूस अर्ध्या तासात उठून गेला. आई मात्र काजूगर संपेपर्यंत बसायचं म्हणून बसली. पोरगा चौकटीतल्या दरवाजांच्या उभ्या रेघांवर टिपण काढत होता. मध्येच आई म्हणाली, ‘आज हिचा चित्त थाऱ्यार नाय. बघ, बटाटे जास्त शिजले.’ पोराने वर पाहिलं तोवर बाई ते पातेलं घेऊन घरभर फिरत होती. पुढे प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं की त्या बाईचं आखीव आयुष्य उसवायला लागतं ते नेमकं त्या बटाट्यांपासून. मायनरवाल्याने हे निरीक्षण निबंधात सविस्तर मांडलं. आईचा उल्लेख राहून गेला.

चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरलं तेव्हा कुलेशॉवची पाळी आली. शंभरेक वर्षांपूर्वी या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सूपची बशी, कधी शवपेटी अशी वेगवेगळी चित्रं जोडली. चेहरा तोच, पण लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक. आमच्याकडे निर्विकार चेहऱ्यासाठी आजोबा होतेच. सूपच्या जागी काळ्या वाटाण्यांचं सांबार घेतलं, कारण गणपती घरात असताना बांगडा मिळणार कुठून? शवपेटीचं नाव काढताच आजीने ‘सणासुदीचा काय बोलतंस?’ म्हणून झापलं, तेव्हा शेजारच्या मुंबईकरांच्या घराचा कुलूपबंद दरवाजा घेतला. आरती आटोपल्यावर खळ्यात सगळ्यांना बसवून प्रयोग दाखवला.

सांबार आणि आजोबा बघून मोठे काका म्हणाले, ‘मीठ कमी पडला वाटता.’ काकी एकदम ताठ झाली, कारण सांबार तिने केलं होतं. मग दरवाजा आणि आजोबा. क्षणभर शांतता. आणि मग धाकटे काका म्हणाले, ‘बाबा अजून त्या जमिनीचो विचार करतत.’ तिथून जी गजाल सुरू झाली ती सातबाऱ्यावर, सामायिक विहिरीवर आणि कुणीतरी कधीतरी सरकवलेल्या गडग्यावर रात्री उशिरापर्यंत चालली. कुलेशॉवला स्वतःच्या प्रयोगाचा इतका परिणाम कधी बघायला मिळाला असेल असं वाटत नाही. आजीने मात्र दोन्ही शॉट नीट पाहून निकाल दिला, ‘ह्यांचा तोंड लग्नादिवसापासून असाच आसा. सूप दाखवा नायतर काय दाखवा.’

नोव्हेंबरात तो पणजीला इफ्फी या चित्रपट महोत्सवाला जाऊन आला. 2004पासून तो महोत्सव गोव्यात भरतो, म्हणजे एसटीने जाण्याच्या अंतरावर. दिवसाला चार सिनेमे, जेवण वडापाव. परतल्यावर गळ्यातलं ओळखपत्र काढायला तो जवळजवळ विसरलाच.

याच सुमारास प्राध्यापकांनी ‘तुमच्या गावाचा सिनेमाशी संबंध’ असा प्रकल्प दिला. आमच्या गावाचा कसला संबंध, म्हणून मायनरवाल्याने इराणवर लिहायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग शोधताना त्याला कळलं, की तालुक्यातल्याच शिरोड्याच्या शाळेत शिकवता शिकवता वि. स. खांडेकरांनी मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ लिहिला, तो 1936 साली पडद्यावर आला. आरवलीच्या जयवंत दळवींच्या ‘चक्र’वर 1981चा सिनेमा निघाला आणि स्मिता पाटीलला त्यात राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ढीगभर मराठी-हिंदी सिनेमे लिहिणारे मधुसूदन कालेलकर तर वेंगुर्ल्याचेच, आणि त्यांच्या नावाच्या सभागृहात हा स्वतः बालपणी कोळ्याच्या नाचात तिसऱ्या रांगेत नाचला होता. चुलत्याला त्याने हे शोध लावल्याच्या आवाजात ऐकवलं. चुलता म्हणाला, ‘तुका आता समाजला?’

प्रकल्पाचा दुसरा भाग पाच मिनिटांचा माहितीपट. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या होत्या, म्हणून विषय दशावतार. मायनरवाल्याने मंडळाच्या मालकाकडे आधी संहिता मागितली. मालक हसला. कथानक संध्याकाळी ठरतं, संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या बोलायचे, राजवाडा म्हणजे एक बाक. पोराने वहीत ‘रॅडिकल’ असं लिहिलं. मग चौकटीतल्या मांडणीला सिनेमावाले वापरतात तो शब्द काढून ‘तुमच्यात मिझाँसेन कसा असतो?’ असं विचारलं. मालकाला वाटलं हा ट्रिकसीनबद्दल विचारतोय. ‘असता ना. पण त्याचे पैसे जास्त पडतत.’

रात्रभर त्याने चित्रण केलं. राजा तलवार उपसून गर्जत होता तेव्हा कॅमेरा पेटीवाल्याच्या पाठीवर होता. संकासुराने पोरांना पळवलं तेव्हा रिकाम्या खुर्च्यांवर. राणीच्या विलापाला मृदंगवाल्याची टाच. एक शॉट मात्र खरोखर सुंदर आला: आरशाचा तुकडा हातात धरून दिवसा भातशेती करणारा एक जाडा हात स्वतःच्या गालावर रंग चढवतोय. प्राध्यापक खूश झाले, ‘ओ’ ग्रेड मिळाली.

फिल्म त्याने राजा झालेल्या नटाला व्हॉट्सॲपवर पाठवली. दुसऱ्या दिवशी बाजारात गाठ पडली.

‘बरा केलंस. पण मी खंय आसंय त्यात?’

‘काका, तुम्ही दिसत नाही हेच महत्त्वाचं आहे. तुमची अनुपस्थिती प्रेक्षकाला जाणवते.’

काकांनी पिशवीतला बांगडा सावरला आणि विचार करून म्हणाले, ‘होय. पण मी अनुपस्थित रवलंय तर माका नाइट कोण देतलो?’